घरच्या शिसवाची गिटार: पुण्यात राहून क्लासिकल गिटार बांधायची तर

पेठांमधले वाडे उतरले तशा त्यातल्या वस्तू फ्लॅटमध्ये आल्या आणि तिथे मावेनात. शिसवी कपाटाची दारं पलंगाखाली सरकवलेली, सागवानी तुळईचा तुकडा गच्चीवर ताडपत्रीखाली, जुन्या पलंगाचे कातीव खूर माळ्यावर. विकायला मन होत नाही, ठेवायला जागा नाही. अशा लाकडातून मुलीसाठी, भाच्यासाठी, नातवासाठी क्लासिकल गिटार बांधायची हा विचार उत्तम आहे. फक्त त्यात भावना कुठे घालायची आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं लागतं.

हाताला रंधा आणि पटाशीची सवय आहे असं धरून पुढचं लिहिते आहे. सवय नसेल तर आधी एक चौरंग करा. त्याचे चारही पाय जमिनीला टेकले की गिटारकडे या.

ही गिटार काचेच्या कपाटात जाणार नाही, वाजवली जाणार आहे, हेही मी धरून चालते. वाजणारं वाद्य कधी ना कधी तडकतं, घोडी सुटते, पडदे झिजतात. म्हणून प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारायचा: चाळीस वर्षांनी एखाद्या अनोळखी कारागिराला हे न मोडता सोडवता येईल का? उत्तर ‘नाही’ आलं तर ती पद्धत कितीही सोपी असो, बाद. सरस का वापरायचा, लाखेचं पॉलिश का, एपॉक्सी का नको, सगळं या प्रश्नातून ठरतं.

शब्दांपुरतं सांगते: गिटारच्या पुढच्या पातळ फळीला मी सतारमेकरांप्रमाणे तबली म्हणेन, फ्रेट्सना पडदे, नेकला दांडी, ब्रिजला घोडी. मिरजेला लाकूड शोधायला गेलात तर हेच शब्द उपयोगी पडतात.

आजीचं लाकूड कुठे लावायचं

आजची क्लासिकल गिटार ज्या घाटाची आहे तो घाट मुख्यतः स्पेनमधल्या आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने पक्का केला. त्याने १८६२ साली एक गिटार अशी बांधली की जिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. तबली मात्र उत्तम स्प्रूसची, म्हणजे थंड प्रदेशातल्या हलक्या सूचिपर्णी लाकडाची. आवाज मुख्यतः तबली ठरवते हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

त्यातून आपल्यासाठी नियम सरळ निघतो. तबली विकत आणायची, स्प्रूसची किंवा वेस्टर्न रेड सीडरची. घरचं लाकूड पाठ, बाजू, घोडी, फिंगरबोर्ड (दांडीवरची पडद्यांची फळी) आणि दांडीच्या डोक्यावरच्या पातळ पट्टीला. ‘सगळी गिटार आपल्या वाड्याच्या सागाची’ असा हट्ट घरातून हमखास येतो. तो मोडून काढा. सागाची तबली जड होते आणि स्वर उमटायच्या आत विझतो. अशी गिटार कोणी वाजवत नाही, आणि न वाजणारी गिटार ही पुन्हा माळ्यावरचीच वस्तू.

स्प्रूस की सीडर? सीडर पहिल्या दिवसापासून मोकळं, ऊबदार बोलतं, पण मऊ असतं. नखाचाही वण उठतो. १९६०च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसरा याने सीडरला मान मिळवून दिला. स्प्रूस सुरुवातीला आखडलेलं वाटतं आणि वाजवता वाजवता खुलत जातं. पुढच्या पिढीसाठी बांधताय तर माझं मत स्प्रूसच्या बाजूने. स्प्रूस घेताना रेषा सरळ, एकमेकींजवळ आणि फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या हव्यात. प्रकाशात तिरकं धरल्यावर रेषांना आडवी चंदेरी झाक दिसली तर कापणी बरोबर झाली आहे असं समजा.

आता घरच्या शिसवाकडे. आपला शिसव हे जगभरच्या गिटारमेकर्सचं आवडतं लाकूड, त्यामुळे आजीच्या कपाटाला कमी समजू नका. पण आधी माप घ्या. पाठीचे दोन भाग लागतात, प्रत्येकी साधारण ५०० मिलिमीटर लांब आणि १९० रुंद. बाजूंच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ७८० लांब आणि १०० रुंद. त्यांच्या रेषाही शक्यतो उभ्याच हव्यात. कपाटाचं दार सबंध शिसवाचं आहे की वरून विनिअर चिकटवलेलं, हे कडेला रंध्याचा एक हात मारला की कळतं. खिळे शोधायला चुंबक फिरवा. चुंबकाला पितळी चुका सापडत नाहीत, त्या डोळ्यांनी आणि बोटांनीच शोधाव्या लागतात.

फळी चिरून पातळ करायला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जावं लागेल. तिथली पाती इमारती लाकडासाठी असतात, त्यामुळे दर कापामागे बरंच लाकूड भुशात जातं. ‘साडेचार-पाच मिलिमीटरच्या फळ्या काढा’ असं सांगा आणि उरलेलं घरी रंधा आणि स्क्रेपरने उतरवा. तीनच्या फळ्या मागितल्यात तर पात्याच्या एका लहरीत फळी वाया जाते. आणि मशीन सुरू असताना तिथून हलू नका. जुनं लाकूड पाहून चौकशी करणारे बरेच निघतात.

मापात लाकूड बसत नसेल तर शिसवाचा तयार जोड विकत घ्या आणि आजीचा तुकडा घोडीला आणि डोक्याला वापरा. वाजवणाऱ्याचा उजवा हात घोडीजवळ आणि नजर समोर, त्यामुळे या दोन जागांचं लाकूड रोज भेटतं. पाठ तर पोटाला टेकलेली असते, ती कोण बघतो!

साग पाठीला चालतो, पण तेलकट असतो; चिकटवण्याच्या आधी सांध्याची जागा ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा. शिसव आणि साग दोन्हींच्या भुशाने काहींना शिंका, पुरळ, दम्याचा त्रास होतो. मास्क लावा, आणि बाल्कनीत घासकाम करणार असाल तर शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे बघून.

दांडीसाठी स्पॅनिश पद्धतीत सेड्रेला नावाचं हलकं, सुवासिक लाकूड वापरतात. त्याचा आपल्याकडचा नातेवाईक म्हणजे तून. वनस्पतिशास्त्रात पूर्वी तो सेड्रेलाच्याच प्रजातीत घालत. सतारीला हेच लाकूड चालतं, म्हणून ते मुरवलेलं, कोरडं मिळण्याची शक्यता मिरजेत चांगली. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एखाद्या जुन्या कारखान्यात बसून चहा घेतलात तर लाकडाबरोबर सरसाबद्दलचं शिक्षणही मिळतं.

नातवंडं परदेशात असतील त्यांच्यासाठी एक ओळ. शिसवाची जवळजवळ सगळी प्रजाती २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट आहे. ही सूट शिसवाला आहे, हस्तिदंताला नाही. जुन्या पेटीत हस्तिदंताचा तुकडा सापडला तरी तो गिटारला लावू नका.

पुण्याची हवा आणि कामाचा क्रम

इथे सगळ्यात जास्त गिटारी फसतात. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं: दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तबलीला आतून आडव्या पट्ट्या चिकटवल्या की हे हलणं अडतं. ऑगस्टमध्ये फुगलेल्या तबलीवर पट्ट्या चिकटवल्या, तर एप्रिलच्या दुपारी ती आकसायला बघते, पट्ट्या आकसू देत नाहीत, आणि मधल्या जोडावर चीर पडते. कोरड्या दिवसांत चिकटवलेली तबली पावसाळ्यात थोडी फुगून वर येते, आवाज जरा जडावतो, पण मोडत काही नाही.

म्हणून तबली आणि पाठ यांचं चिकटकाम हवेत ४० ते ५० टक्के आर्द्रता असतानाच करायचं. पुण्यात हे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात आणि शिवरात्रीच्या आसपास संपतात, तेही दुपारचे. पावसाळ्यात लाकूडखरेदी, साचे, दांडीचं कोरकाम करा. थंडीत तबली, पाठ आणि पेटी बंद करणं. उन्हाळा लागला की पडदे आणि पॉलिश. भर पावसात लाखेचं पॉलिश केलंत तर त्यावर पांढुरकी झाक येते, आणि मग पॉलिशवाला, लाख, स्पिरिट असं सगळ्यांवर खापर फुटतं, पावसावर मात्र नाही.

आर्द्रता मोजायचा छोटा डिजिटल मीटर घ्या, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, ते भिजेल पण विरघळणार नाही एवढंच पाणी घाला, आणि मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मीटरने ७५ टक्के दाखवायला हवं. ६९ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनात सहा मिळवा.

चिरलेल्या फळ्या कामाच्याच खोलीत, मध्ये सारख्या जाडीच्या चिपा घालून, वर वजन ठेवून काही महिने पडू द्या. शंभर वर्षांचं लाकूड असलं तरी नव्याने चिरलं की ते पुन्हा एकदा वाकून बघतं.

नकाशा आणि पाट

आकार स्वतः काढत बसू नका. तोरेस किंवा हाउझर यांच्या गिटारींवरून काढलेले पूर्ण मापाचे नकाशे विकत मिळतात. जर्मनीच्या हेर्मान हाउझरने १९३७ साली बांधलेली गिटार विख्यात गिटारवादक आंद्रेस सेगोविया वर्षानुवर्षं वाजवत होते. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अशा एखाद्या नकाशावर हात बसवा.

मुख्य मापं ध्यानात असू द्या. तारेची मोकळी लांबी ६५० मिलिमीटर, पेटी साधारण ४८५ लांब, खालचा घेर ३६५, कंबर २३५, वरचा घेर २८०, खोली ९५ ते १००. दांडी नटपाशी (डोक्याजवळ तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ५२ आणि बाराव्या पडद्यापाशी ६२ रुंद. ज्याच्यासाठी बांधताय त्याचा पंजा लहान असेल तर ६४० किंवा ६३० ची लांबी घ्या. घरच्यासाठी हाताने बांधण्याचा खरा फायदा हाच, दुकानात हा पर्याय सहज मिळत नाही.

मग प्लायवूडचा गिटारच्या आकाराचा कामाचा पाट करा. स्पेनमध्ये त्याला सोलेरा म्हणतात. खालच्या घेराच्या मध्यभागी तो सुमारे दोन मिलिमीटर खोलगट तासायचा, म्हणजे तबलीला बाहेरून किंचित फुगवटा येतो. हा पाट जितका नेमका, तितकी पुढची भांडणं कमी.

तबली

दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून मधोमध जोडायच्या. जोडाच्या कडा रंध्याने अशा सरळ करा की दोन्ही खिडकीसमोर धरल्यावर मधून प्रकाशाची रेघ दिसू नये. केसाएवढी रेघ दिसली तरी पुन्हा रंधा. शिकंज्याने दाबून ही फट बुजवता येते, पण बुजवलेला जोड कोरड्या हवेत सगळ्यात आधी उघडतो.

आवाजाचं भोक ८५ मिलिमीटर व्यासाचं. ते कापायच्या आधी त्याच्या भोवतीचं रोझेट, म्हणजे नक्षीचं कडं बसवायचं. घरचं लाकूड दाखवायची ही आणखी एक जागा: शिसव, साग आणि फिकट लाकूड यांच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून त्यांचे आडवे काप काढले की चौकटींची नक्षी तयार होते. नक्षीचा मोह आवरा. दोन-तीन कडी पुरतात.

आता जाडी. स्प्रूसची तबली मध्यभागी २.३ ते २.६ मिलिमीटर आणि खालच्या घेराच्या कडेला दोनच्या आसपास येते. पण प्रत्येक फळी वेगळी, म्हणून शेवटचा निर्णय कॅलिपरवर सोडता येत नाही. फळी तीन मिलिमीटरवर आली की दर थोड्या रंध्यानंतर थांबा. वरच्या कडेजवळ, मध्यापासून जरा बाजूला, दोन बोटांच्या चिमटीत ती सैल धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या गादीने मध्याखाली टिचकी मारा. जाड असताना फळ्याचा बोथट ‘ठक’ येतो. पातळ होत गेली की त्या ठोक्यामागे एक स्वर लोंबू लागतो, आणि तो खाली खाली उतरतो. मग दोन्ही हातांत धरून आडवी वाकवून बघा. सुरुवातीला ती अजिबात दाद देत नाही. मग एका टप्प्यावर अंगठ्याखाली नमायला लागते, सोडली की झटकन सरळ होते. स्वर लांब टिकतोय आणि नमणं अजून टणक आहे, अशा जागी हात थांबवायचा. त्यापुढचे दोन हात जास्त पडले तर परत आणता येत नाहीत, म्हणून रंधा ठेवून स्क्रेपर घ्या. ही चाचणी फॅन बंद करून, दुपारी रहदारी कमी असताना करा.

आतल्या बाजूला पंख्यासारख्या सात बारीक स्प्रूसच्या पट्ट्या लागतात, पाच-सहा मिलिमीटर रुंद आणि तीन ते पाच उंच. त्या करवतीने कापू नका, पटाशीने फोडा. फोडलेलं लाकूड आपल्या नसेवर तुटतं, त्यामुळे पट्टीत रेषा टोकापर्यंत सलग राहतात आणि कमी वजनात जास्त ताकद मिळते. पाटावर तबली पालथी ठेवून पट्ट्या चिकटवल्या की त्यांची टोकं निमुळती करत पुन्हा टिचक्या मारत राहा.

सरस

सतारमेकर वापरतात तोच प्राणिज सरस. दाणे थंड पाण्यात काही तास भिजवा, मग पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवा. ६५ च्या वर गेलात तर ताकद कमी होते, त्यामुळे साधं थर्मामीटर हवंच. ब्रशवरून सलग धार पडेल इतपत पातळ असावा. लावल्यावर हाती मिनिटभरच असतो. जोडाचे भाग आधी हेअर ड्रायरने कोमट करा, शिकंजे कोरडे लावून एकदा रंगीत तालीम करा, आणि मगच सरसाला हात घाला.

एवढा खटाटोप अशासाठी की सरसाचा सांधा उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. फर्निचरचा पांढरा गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि एकदा लागला की त्यावर दुसरं काही नीट धरत नाही. ‘देवघराशेजारी हे शिजवणार का?’ असा प्रश्न घरात येऊ शकतो. तिथे वाद घालण्यापेक्षा गिटारमेकर्स वापरतात तो पिवळा लाकूडगोंद घ्या. तोही गरम करून सोडवता येतो. एपॉक्सी मात्र कुठेही नको.

बाजू वाकवणं आणि पेटी बंद करणं

बाजूपट्ट्या दोन मिलिमीटरवर आणा. जाड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा नळ पक्का बांधून आतून हीट गनने तापवा; वर पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडायला हवा. पट्टी ओली करून आधी कंबरेचं वळण घ्या. जोर लावायचा नाही, वजन टेकवून थांबायचं. लाकूड तापलं की ते हातात आपोआप सैल पडतं, तोवर धीर धरा. जुनं, अतिकोरडं शिसव ठिसूळ असू शकतं, म्हणून आधी त्याच फळीच्या उरलेल्या चिरोटीवर सराव करा.

स्पॅनिश पद्धतीत दांडी नंतर जोडत नाहीत. दांडीच्या टाचेत दोन खाचा असतात, बाजूपट्ट्या थेट त्यात शिरतात. दांडीचं डोकं साधारण १५ अंश मागे कललेलं. पाटावर तबली पालथी, तिला दांडी, मग बाजू, आणि तबली-बाजूच्या कोनात एकेक छोटा लाकडी ठोकळा सरसाने दाबत पूर्ण घेर फिरायचा. नकाशात दाखवलेला दांडीचा पुढचा किंचित कल इथेच धरावा लागतो. पाठीला आतून तीन आडव्या कमानदार पट्ट्या लावून तीही तयार ठेवा.

पाठ बंद करण्याआधीचा दिवस घरच्यांना द्या. तबलीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने सगळ्यांनी सह्या करू देत, लहान मुलांनी चित्रं काढू देत. पेन्सिलच, शाई आणि मार्कर लाकडात उतरतात. भोकातून दिसेल अशी पाठीच्या आत चिठ्ठी लावा आणि ती उपयोगी लिहा: लाकूड कोणाच्या कपाटाचं, वाडा कुठल्या पेठेतला, बांधल्याचं वर्ष, सांधे सरसाचे, पॉलिश लाखेचं, तारेची लांबी ६५०. आणि ठळक अक्षरात: ‘स्टीलच्या तारा लावू नयेत.’ नायलॉनच्या सहा तारांचा ताण मिळून ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलचा त्याहून पुष्कळ जास्त. घोडी उपटून येण्याचं हे हमखास कारण.

पाठ चिकटवताना एवढे शिकंजे घरात नसतात. सायकलच्या जुन्या ट्यूब लांब पट्ट्यांत कापा आणि पेटीभोवती ताणून गुंडाळा. पुण्यात सायकली कमी झाल्या असतील, ट्यूब अजून मिळतात. त्यानंतर कडेला खाच काढून शिसवाची किनार बसवायची. हे चिकाटीचं काम आहे, त्यात गुपित काही नाही.

डोक्याचा आकार ही बांधणाऱ्याची सही असते. वाड्याच्या दिवाणखान्यातली महिरप सोपी करून तिथे घेतली तर शोभते. पूर्ण महिरप कोरायला जाऊ नका. खुंट्यांची यंत्रं चांगल्यातली विकत घ्या, ३५ मिलिमीटर अंतराची. इथे काटकसर केलीत तर वाजवणारा रोज आठवण काढेल.

पडदे

सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे नाहीत, म्हणून इथे हिशेब चोख हवा. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, मग दर पडद्यानंतर उरलेल्या लांबीला पुन्हा त्यानेच. ६५० ला पहिला पडदा नटपासून ३६.४८ मिलिमीटरवर येतो, दुसरा ७०.९२ वर, पाचवा १६३.०५ वर, सातवा २१६.१८ वर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३२५ वर. सगळी मापं नटपासूनच मोजा. आधीच्या पडद्यापासून पुढचा मोजत गेलात तर बारीक बारीक फरक साठतात आणि वरच्या स्वरांना बेसूर होतात. खाचेची रुंदी पडद्याच्या बुडाला घट्ट बसेल एवढी, साधारण ०.६ मिलिमीटर, त्यासाठी बारीक पात्याची स्वतंत्र करवत लागते. रविवार पेठेत बोहरी आळीत उरलेली बहुतेक हत्यारं मिळतात, ही करवत मात्र मागवावी लागू शकते.

पडदे बसवल्यावर लांब सपाट कानशीने माथे एका पातळीत आणा, पुन्हा गोल करा, आणि टोकं बोटाला लागणार नाहीत इतकी गुळगुळीत करा. हात दांडीवरून वर-खाली फिरवून तपासा. एप्रिलमध्ये फिंगरबोर्ड आकसला की टोकं पुन्हा डोकावतात, त्यामुळे ही तपासणी उन्हाळ्यात परत एकदा.

पॉलिश, घोडी, तारा

चपडी लाख आणि स्पिरिट, याला पर्याय नाही. लिटरभर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम मेण काढलेली चपडी, रात्रभर विरघळवून, गाळून. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात कापसाचा गोळा बांधा. शिसवाची बारीक छिद्रं आधी प्युमिस पावडरने भरून घ्या. मग पातळ थर, गोल फिरत, फडकं न थांबवता. अडखळायला लागलं की तेलाचा एकच थेंब. जिथे थांबाल तिथे डाग पडतो. आपल्याकडचा फर्निचर पॉलिशवाला हे हात फिरवणं उत्तम जाणतो, त्याला अर्धा दिवस समोर बसवून घ्या. फक्त तो मेलामाइन सुचवेल, त्याला नाही म्हणा. मेलामाइन चकचकीत दिसतं, पण चीर पडली की त्यावर ठिगळ लावता येत नाही. लाखेवर नवी लाख विरघळून एकजीव होते.

घोडीखालच्या जागेवर पॉलिश ठेवायचं नाही. घोडी शक्यतो २० ग्रॅमच्या आत असू द्या. आजीच्या लाकडाची आहे म्हणून जाड ठेवायचा मोह होतो. सॅडल, म्हणजे घोडीवरची तारा टेकतात ती पट्टी, नटपासून ६५० वर नाही, त्याहून दीड-दोन मिलिमीटर मागे येतं, कारण पडद्यावर दाबल्याने तार ताणून स्वर चढतो. नट आणि सॅडल हाडाचे.

तारा चढवल्यावर बाराव्या पडद्यापाशी उंची मोजा: बारीक तारेखाली ३ मिलिमीटर, जाड तारेखाली ४. तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल पूर्ण एक मिलिमीटर खाली घासावं लागतं. पण पहिले काही आठवडे काही घासू नका. तबली ताणाखाली बसते, दांडी किंचित पुढे येते, आणि मग खरी उंची कळते.

देताना

गिटारसोबत कडक केस द्या. उन्हाळ्यात त्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवली तर सरस सुटू शकतो, हे घेणाऱ्याला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगा.

शिसवाचे उरलेले तुकडे शेकोटीला जाऊ देऊ नका. घोडी होईल एवढा एक, किनारीच्या चार पट्ट्या, आणि तबलीची एक चिरोटी वेगळी बांधा. त्यासोबत नकाशाची घडी, आतल्या चिठ्ठीची प्रत आणि चपडीची छोटी पुडी ठेवा. हे सगळं केसच्या खणात मावतं. चपडी कोरडी ठेवली तरी वर्षानुवर्षांनी नीट विरघळेनाशी होते, तेव्हा पुडीवर तारीख टाका.